निळ्या डब्याकडून लाल डब्याने काय घ्यायचे राहिले : रेल्वे बोर्डाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, रेल्वे बोर्ड,
तसेच प्रवासी डब्यांची रचना आणि देखभाल पाहणारे सर्व अधिकारी

विषय : आयसीएफ डबे सेवेतून काढताना त्यांतले काय नव्या गाड्यांत आणावे

महोदय,

मुंबई ते पुणे अंतर १९२ किलोमीटर. त्यातला कर्जत ते लोणावळा हा सुमारे २८ किलोमीटरचा भोर घाट कोणत्याही गाडीची परीक्षा घेतो. १८६३ मध्ये हा घाटमार्ग सुरू झाला. १९२९ मध्ये नवी आखणी होऊन रिव्हर्सिंग स्टेशन गेले, पण चढ तसाच राहिला : ३७ मीटरमागे १ मीटर. याच घाटातून गेल्या काही वर्षांत तीन पिढ्यांच्या गाड्या धावल्या : निळे आयसीएफ डबे (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या बनावटीचे), लाल एलएचबी डबे (लिंक-हॉफमन-बुश या जर्मन कंपनीच्या आराखड्याचे) आणि वंदे भारत. चढ तोच, वळणे तीच, पाऊस तोच. जुन्या-नव्याची तुलना करायला याहून चांगली जागा नाही.

आमचे म्हणणे आधीच सांगतो. यंत्र म्हणून नवी गाडी सरस आहे आणि निळे डबे परत आणा अशी आमची मागणी नाही. मात्र निळ्या डब्यात प्रवाशाच्या बाजूच्या काही गोष्टी बरोबर जमलेल्या होत्या आणि त्या लाल डब्यात उतरल्या नाहीत. त्यातली एकही अशक्य नाही. पारंपरिक आयसीएफ डब्यांचे उत्पादन जानेवारी २०१८ मध्ये थांबले. या डब्यांचे ठरवलेले आयुष्य २५ वर्षे असले तरी ते त्याआधीच बदलले जात आहेत. शेजारी शेजारी ठेवून मोजता येईल इतके जुने रेक (गाडीच्या जोडलेल्या डब्यांचे पूर्ण संच) अजून चालू आहेत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहोत.

सुरुवात बोगीपासून करू. बोलण्यात आपण डब्यालाच बोगी म्हणतो, पण इथे बोगी म्हणजे डब्याखालची दोन आसांची चौकट. चेन्नईतल्या पेरांबूरचा आयसीएफ कारखाना १९५५ मध्ये स्विस तंत्रज्ञानावर सुरू झाला आणि त्याच घराण्याची बोगी पुढे साठ वर्षे देशभर धावली. तिच्यात आसपेटीवर कॉइल स्प्रिंग आणि त्याच्या आत तेलाचा डॅशपॉट असतो. डॅशपॉटमधले तेल गळले की स्प्रिंगची उसळी कोणी आवरत नाही आणि डबा वरखाली नाचायला लागतो. बोगीच्या बरोबर वर बसणाऱ्याला ते आधी कळते. त्यावर बोल्स्टर, म्हणजे डब्याचे वजन पेलणारा आडवा भाग, दुव्यांनी टांगलेला असल्यामुळे दुवे आणि पिना झिजल्या की आडवा झोल वाढतो. एलएचबीच्या फियाट बोगीत टांगलेला बोल्स्टर नाही. त्याऐवजी नियंत्रण-भुजा, एकात एक बसवलेल्या स्प्रिंगा, डबा कलू न देणारा अँटी-रोल बार आणि बोगीचे आडवे वळवळणे रोखणारे यॉ डँपर आहेत. ताशी १०० किलोमीटरच्या पुढे फरक कोणालाही जाणवतो. वंदे भारतमध्ये वरच्या टप्प्याला हवेच्या स्प्रिंगा आल्या, त्यामुळे डबा भरला की रिकामा, फरशीची उंची जवळपास सारखी राहते. इथे जुन्या डब्याची बाजू घेण्यासारखे काही नाही.

ब्रेकच्या बाबतीतही तेच. लोणावळा आणि कर्जत यांच्या उंचीत सुमारे ५५० मीटरचा फरक आहे. ५० टन भरणारा एक डबा खाली आणायचा, तर साधारण ७५ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिनाचा विद्युत ब्रेक त्यातला मोठा वाटा उचलतो, उरलेला डब्यांच्या ब्रेकवर येतो. निळ्या डब्यात ब्रेक-ब्लॉक थेट चाकाच्या धावपट्टीवर दाबला जातो. कंपोझिशन ब्लॉक उष्णता फारशी घेत नसल्याने ती बरीचशी चाकात जाते. घाट उतरल्यावर येणारा जळका वास त्याचाच. ब्लॉक पुरता सुटला नाही तर चाक तापते, घसटत गेले तर सपाट होते. एलएचबीत प्रत्येक आसावर ६४० मिलिमीटर व्यासाच्या दोन डिस्क, म्हणजे डब्याला आठ. उष्णता डिस्कमध्येच राहते, चाक वाचते.

डिस्क-ब्रेकची एक अडचण मात्र आहे. ब्लॉकमुळे चाकाची धावपट्टी आपोआप खरवडून साफ होत असे, ते थांबले. पावसात रूळ ओला असताना चाक घसरण्याची शक्यता वाढते, म्हणून एलएचबीत चाक-घसरण रोखणारी यंत्रणा लागते. प्रत्येक आसावरचा संवेदक वेग मोजतो आणि एखादे चाक इतरांपेक्षा एकदम मंदावले की त्या आसाच्या ब्रेकमधली हवा क्षणभर सोडली जाते. संवेदकाची तार तुटली किंवा हवा सोडणारा डंप व्हॉल्व्ह अडकला की चाकाला सपाट चट्टा पडलाच. हा दोष डब्यात बसूनही ओळखता येतो. नवे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे, त्याचा घेर २.८७ मीटर. ताशी १०० किलोमीटरला ते सेकंदात साडेनऊ ते दहा वेळा फिरते, म्हणजे चट्टा सेकंदाला तितकेच ठोके देतो. रुळाच्या सांध्यांचा ठोका वेगळा. जुन्या १३ मीटर रुळांवर याच वेगाला तो सेकंदाला दोनदा पडे. (त्यावरून वेग काढण्याची जुनी युक्ती अशी : ४७ सेकंदांत जितके ठोके, तितका ताशी किलोमीटर वेग. लांब जोडलेल्या रुळांवर ती चालत नाही, तिथे एका किलोमीटर-दगडापासून दुसऱ्यापर्यंतचे सेकंद मोजायचे आणि ३६०० ला त्यांनी भागायचे.) प्रवाशाने असा ठोका कळवला तर तक्रारीच्या नोंदीत 'डब्यात आवाज' इतकेच जाते. 'चाकाचा चट्टा' असा वेगळा पर्याय ठेवा आणि डबा क्रमांकाबरोबर डब्याचे कोणते टोक हेही विचारा. चार आसांपैकी दोन आस तिथेच बाजूला पडतात आणि पिट लाइनवरचे (खाली खड्डा असलेल्या तपासणीच्या रुळावरचे) शोधकाम निम्मे होते.

आता हिसक्यांकडे येतो, कारण लाल डब्याबद्दल प्रवाशांची सर्वांत जास्त नाराजी त्यावर आहे आणि तिला खरे यांत्रिक कारण आहे.

निळ्या डब्यांच्या प्रत्येक टोकाला दोन बाजूंना दोन बफर आणि मध्ये स्क्रू कपलिंग असते. जोडणारा कामगार दोन डब्यांच्या मध्ये उतरतो, जड कडी समोरच्या हुकात अडकवतो आणि बफर एकमेकांवर दाबले जाईपर्यंत स्क्रू आवळतो. कडी ओढत असते, बफर ढकलत असतात आणि दोन डब्यांत मोकळी जागा उरत नाही. नीट आवळलेला आयसीएफ रेक म्हणून अलगद सुटायचा. आवळायचा आळस झाला की तोही दणके द्यायचा. या पद्धतीचे दोन मोठे दोष आहेत. कामगाराला दोन डब्यांच्या मध्ये जावे लागते, आणि टक्कर झाली की बफर एकमेकांवरून सरकून एक डबा दुसऱ्यावर चढू शकतो. एलएचबीचा एच प्रकारचा सेंटर बफर कपलर हे दोन्ही धोके कमी करतो. डबे एकमेकांवर आणले की तो आपोआप अडकतो, सोडायचा दांडा बाजूला असतो आणि दोन्ही कपलर वरखाली सरकू शकत नसल्याने डबा चढण्याला अटकाव होतो. यासाठी हिसके सोसावे लागले तरी कपलर हवाच. पण ते सोसण्याची खरे तर गरज नाही.

या कपलरमध्ये ओढणे आणि ढकलणे दोन्ही एकाच दांड्यातून आणि त्यामागच्या ड्राफ्ट गिअरमधून जाते. ड्राफ्ट गिअर म्हणजे रबराच्या किंवा पोलादी कड्यांच्या थरांत धक्का जिरवणारा भाग. त्याचा पूर्वदाब कमी झाला, थर बसले किंवा खोबणी झिजली की ओढणे संपून ढकलणे सुरू होण्याच्या मधे थोडी मोकळी हालचाल उरते. समजा, प्रत्येक जोडावर ती फक्त १० मिलिमीटर आहे. २२ डब्यांत २१ जोड, म्हणजे एकूण २१० मिलिमीटर. इंजिन सुटते तेव्हा ही जागा एकेक जोड करत भरते, आणि शेवटच्या डब्यावर हिसका पोचेपर्यंत पुढच्या डब्यांनी बराच वेग घेतलेला असतो. शेपटाकडच्या डब्यांना दणका मोठा बसतो तो यामुळे.

घाटात हेच आणखी वाढते. कर्जतला मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने, लागतात. पुढचे इंजिन ओढते, बँकर ढकलतात, आणि गाडीत कुठेतरी एक जोड असा येतो जिथे ना ओढ असते ना दाब. पुढच्या आणि मागच्या चालकाने नॉच (इंजिनाच्या ताकदीचा टप्पा) बदलला की हा जोड पुढे-मागे सरकतो, आणि ज्या डब्यावरून तो सरकतो त्या डब्याला हिसका बसतो. निळ्या रेकमध्ये दाबलेले बफर हा बदल गिळून टाकत. लाल रेकमध्ये ड्राफ्ट गिअर चांगला असेल तरच तो गिळला जातो.

बॅलन्स्ड ड्राफ्ट गिअर हा सुधारित प्रकार आला आणि हिसके कमी झाले, हे मान्य आहे. पण एका रेकमध्ये दोन प्रकारचे गिअर मिसळले तर फायदा निघून जातो, कारण हिसका सगळ्यात सैल जोडावर तयार होतो. म्हणून रेक ठरवताना डब्याच्या वयाबरोबर गिअरचा प्रकारही पाहावा आणि जुना गिअर असलेला एकही डबा नव्या गिअरच्या रेकमध्ये घालू नये. पिट लाइनवर रेक एकदा ताणून आणि एकदा दाबून प्रत्येक जोडाचे अंतर मोजावे. दोन मापांतला फरक म्हणजे त्या जोडाची मोकळी हालचाल. दोन माणसे, खडू आणि टेप एवढ्यात हे काम होते. एलएचबीची दुरुस्ती १८, ३६ आणि ७२ महिन्यांच्या टप्प्यांनी होते. १८ महिने वाट न पाहता हे माप दर तिमाहीला घ्यावे आणि डब्याच्या कार्डावर लिहावे.

चालवण्याच्या पद्धतीचाही यात वाटा आहे. थांब्यावरून निघताना ब्रेक-पाइपमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो आणि फीड-पाइपमध्ये ६ किलो हवेचा दाब भरून शेवटच्या डब्याचे ब्रेक पूर्ण सुटायला काही सेकंद लागतात. ते सुटण्याआधी पुढून ओढ दिली तर मागचे डबे ब्रेकमध्ये असतानाच ताणले जातात आणि नंतर एकदम सुटतात. सगळे ब्रेक सुटल्यावर एक नॉच देऊन गाडी हलू द्यायची आणि मगच पुढचा घ्यायचा. वेळापत्रकात प्रत्येक थांब्याला एवढे सेकंद धरलेले नसतील, तर लोको पायलटला दोष देऊन उपयोग नाही.

वंदे भारतमध्ये हा प्रश्न मुळातच वेगळ्या प्रकारे सुटला आहे. १६ डब्यांच्या गाडीत ६४ आस, त्यातले ३२ स्वतः फिरणारे. डब्ल्यूएपी-७ इंजिनाचे आस सहा आणि वजन १२३ टन. १७ एलएचबी डब्यांची सुमारे ८९० टनांची गाडी ३७ला १ चढावर घ्यायची, तर केवळ चढापोटी सुमारे २४ टन ओढ लागते, घर्षण आणि वळणांचे वेगळे. हे इंजिन सुरुवातीला ३३ टनांपर्यंत ओढू शकते, पण कोरड्या रुळावर. पावसात सहा आसांची पकड तेवढी राहीलच याची खात्री नसते आणि घाटात थांबून पुन्हा निघणे तर फार कठीण. म्हणून बँकर. वंदे भारतमध्ये पकड ३२ आसांवर वाटलेली असल्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर आणि मुंबई-शिर्डी गाड्या भोर आणि थळ (कसारा) घाट बँकरशिवाय चढतात. कर्जत आणि कसाऱ्याला बँकर जोडण्याचा वेळ वाचतो. या मार्गावर तिचा खरा फायदा हा आहे. जाहिरातीतला ताशी १६० किंवा १८० हा आकडा घाटातल्या प्रवाशाच्या काहीच कामाचा नाही.

पण प्रत्येक गाडी वंदे भारत होणार नाही. लाल रेकसाठी मधला मार्ग सिद्ध झालेला आहे : दोन्ही टोकांना इंजिन. २०१९ मध्ये मध्य रेल्वेची मुंबईहून सुटणारी राजधानी अशीच थळ घाटातून धावू लागली. डिसेंबर २०२३ पासूनच्या अमृत भारत गाड्यांत दोन्ही टोकांना इंजिने आहेतच, शिवाय डबे अर्ध-कायम (एरवी न सोडल्या जाणाऱ्या) कपलरने जोडलेले आहेत, त्यामुळे मोकळी हालचाल जवळपास संपते. एलएचबीचे रेक बहुतेक वेळा अख्खेच फिरतात. त्यांतही चार-पाच डब्यांचे गट अर्ध-कायम कपलरने बांधता येतील आणि फक्त गटांच्या टोकांना एच कपलर ठेवता येईल. एखादा डबा आजारी पडला तर पूर्ण गट काढावा लागेल, ही त्याची किंमत. घाटातून जाणाऱ्या गाड्यांसाठी ती मोजण्यासारखी आहे.

खिडक्यांचे सांगायलाच हवे. निळ्या साध्या डब्यात समोरासमोरच्या बाकांच्या प्रत्येक कप्प्याला दोन खिडक्या असत आणि खिडकीजवळ बसलेल्या दोघांनाही आपली खिडकी मिळे. रचनाकाराने आधी बाक ठरवले आणि मग खिडक्या कापल्या. नव्या चेअर कारमध्ये खिडक्यांचे अंतर सांगाड्याच्या खांबांवरून ठरते, खुर्च्यांचे अंतर आसनसंख्येवरून, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. परिणामी खिडकीची जागा म्हणून आरक्षित केलेल्या काही आसनांच्या शेजारी खांबच असतो. वंदे भारतच्या चेअर कारमध्ये खुर्च्या फिरत नाहीत, म्हणून अर्धे प्रवासी कायम उलट्या दिशेने जातात. फिरणारी खुर्ची एक्झिक्युटिव्ह वर्गात आहे. मुंबई-पुणे मार्गावरच्या विस्टाडोम डब्यात ४४ फिरत्या खुर्च्या आणि मोठ्या काचा आहेत. म्हणजे तंत्र हाताशी आहे. पुढच्या आराखड्यात खुर्च्यांचे अंतर खिडकीच्या अंतराशी जुळवा. दोन-चार आसने कमी झाली तरी चालतील. तोवर निदान आरक्षणाच्या नकाशात खांबाच्या जागा वेगळ्या रंगात दाखवा.

जनरल डब्याच्या प्रवाशाचे नुकसान मात्र खिडकीपुरते नाही. निळा डबा बफरसकट २२.३ मीटर लांब, लाल डबा कपलरसकट २४ मीटर. २४ निळे डबे म्हणजे ५३५ मीटर, २२ लाल डबे म्हणजे ५२८ मीटर, म्हणून फलाटाच्या हिशेबात २४ची गाडी २२ची झाली. शयनयानात तोटा नाही : निळ्यात ७२ बर्थ, लाल डब्यात ८०, म्हणजे दहा निळे आणि नऊ लाल यांची बर्थसंख्या सारखीच, ७२०. तोटा झाला तो टोकांना. निळ्या गाडीच्या दोन्ही टोकांना एसएलआर असे, ज्यात गार्ड आणि सामानाबरोबर जनरल प्रवाशांसाठीही बाके असत. लाल गाडीत त्या जागी दोन पॉवर कार आल्या आणि ती बाके गेली. आता इंजिनातूनच ७५० व्होल्टने डब्यांना वीज मिळते, त्यामुळे निदान एका टोकाला एलएचबी प्रकारचा एसएलआर लावता येतो. जिथे इंजिन ही वीज नियमित पुरवते, तिथे दुसरी पॉवर कार ठेवायचे कारण उरत नाही. त्या प्रत्येक गाडीत जनरलची बाके परत आली पाहिजेत. या पत्रातली आमच्या दृष्टीने सर्वांत तातडीची मागणी हीच आहे, कारण इथे सोयीचा नव्हे, उभे राहण्याच्या जागेचा प्रश्न आहे.

विजेबद्दल थोडक्यात : निळ्या डब्याखालचा पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटर, तुटणारे पट्टे आणि स्टेशनात मंदावणारे पंखे गेले, ते बरे झाले.

जुने चांगले नव्यात बसत नाही असे कोणी म्हटले, तर डेक्कन क्वीनकडे बोट दाखवावे. १९३० पासून धावणाऱ्या या गाडीला १९६६ मध्ये आयसीएफ डबे मिळाले, १९९५ मध्ये एअर-ब्रेकचा रेक आणि २२ जून २०२२ रोजी एलएचबी. प्रत्येक बदलात डायनिंग कार टिकली, कारण प्रवाशांनी ती सोडली नाही आणि रेल्वेने ऐकले. लाल सांगाड्यात टेबल-खुर्च्यांची ४० जणांची डायनिंग कार बसवता आली, तर खांबाशिवायची खिडकी आणि टोकाची जनरल बाकेही बसतील.

शेवटची मागणी जतनाची. १८५५ चे फेअरी क्वीन इंजिन रेल्वेने जपले. डेक्कन क्वीन ओढणाऱ्या वर्गातले डब्ल्यूसीपी-१ 'सर रॉजर लमली' दिल्लीच्या संग्रहालयात आहे. आयसीएफ डब्यांच्या पूर्ण रेकच्या वाट्याला हे भाग्य आलेले दिसत नाही. निवृत्त आयसीएफ डबे मोटारी वाहणारे एनएमजी होतात, काहींची स्टेशनाबाहेर उपाहारगृहे होतात, उरलेले भंगारात जातात. सुटा डबा उभा करून भागणार नाही, चालू स्थितीतला एक पूर्ण रेक हवा : दोन टोकांना एसएलआर, दोन जनरल, दोन शयनयान, एक वातानुकूलित तीन-टियर, एक पँट्री. आठ डबे पुरेत. १९१५ पासून डब्यांची दुरुस्ती करणारी माटुंगा कार्यशाळा या रेकचे घर होऊ शकते. निळ्या डब्याची मोठी दुरुस्ती १८ महिन्यांनी असे. वर्षाला मोजक्या फेऱ्या असतील तर हे अंतर वाढवता येईल, मात्र डॅशपॉटचे सील आणि ब्रेकच्या रबरी नळ्या डबा उभा असला तरी वयाने कडक होतात, त्या कालमर्यादेवरच बदलाव्या लागतील. सील, बोल्स्टरच्या पिना, आल्टरनेटरचे पट्टे, स्क्रू कपलिंग, बफरच्या स्प्रिंगा आणि ब्रेक-ब्लॉक यांचा दहा वर्षांचा साठा आत्ताच बाजूला काढावा. हे भाग बनवणे थांबले की ते भंगाराच्या ढिगातून शोधावे लागतात. स्क्रू कपलिंग नीट आवळणारे आणि डॅशपॉटचे तेल मोजणारे हातही येत्या काही वर्षांत निवृत्त होतील. त्यांची कामाची पद्धत मराठीत आणि हिंदीत लिहून, चित्रित करून कार्यशाळेत ठेवावी.

हा रेक एकदा कल्याण ते लोणावळा न्यावा, त्याच आठवड्यात त्याच वजनाचा एलएचबी रेक न्यावा. दोन्हींत पुढचा, मधला आणि शेवटचा अशा तीन डब्यांच्या फरशीवर बोगीच्या वर त्वरणमापक ठेवून सेकंदाला किमान १०० नोंदी घ्याव्यात. कल्याणहून निघताना, कर्जतला बँकर लागताना, घाटात नॉच बदलताना आणि लोणावळ्याला थांबताना आलेले आकडे रेल्वेच्या संकेतस्थळावर टाकावेत.

आपले,
मुंबई-पुणे मार्गावरच्या गाड्यांचा अभ्यास करणारे रेल्वेप्रेमी प्रवासी